बोलक्या भिंती, ऐकत्या भिंती

आपल्याकडच्या कोणत्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलात, तर भिंती रंगवलेल्या दिसतात. एका भिंतीवर बाराखडी, दुसरीवर पाढे, तिसरीवर भारताचा नकाशा आणि ओटीवर शिवाजी महाराज. या भिंतींना शिक्षकमंडळींनी फार सुंदर नाव दिले आहे. त्यांना ‘बोलक्या भिंती’ म्हणतात. मुलाने नुसते इकडेतिकडे पाहिले तरी दोन अक्षरे त्याच्या डोळ्यांत शिरावीत, अशी त्यामागची कल्पना. कल्पना चांगली आहे. परंतु भिंतीने बोलावे एवढेच पुरे नाही. तिला ऐकताही आले पाहिजे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. त्याचे कारण आधी सांगतो.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या निमित्ताने शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका शाळेत माझे भाषण होते. खोली नवी, पक्क्या बांधकामाची. वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, भिंतींवर ऑइलपेंटने काढलेली चित्रे. बाहेर पाऊस होता म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या. मी सतरा सप्टेंबर १९४८ ची हकीकत सांगत होतो आणि आवाज चांगला लागला आहे, अशा समजुतीत होतो. भाषण संपल्यावर मी मुलांना विचारले, “मागे ऐकू आलं का रे?” शेवटच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, ऐकू आलं, पण समजलं नाही.” सगळे हसले. गुरुजींनी तिला खाली बसवले. मला मात्र ते वाक्य सोडीना. ती खरे तेच बोलली होती. आवाज तिच्यापर्यंत पोहोचला होता; शब्द पोहोचले नव्हते. वाटेत भिंतींनी त्यांचा काला केला होता.

तेव्हा आजचा विषय हा, की भिंतीवरचे चित्र आणि खोलीतले ऐकणे यांचा काही संबंध आहे काय? आपल्या वाडवडिलांच्या भिंती कशा होत्या? आणि आजची पक्की भिंत न पाडता ती बोलकीही राहील आणि ऐकतीही होईल, असे काही घरच्या घरी करता येईल काय?

आधी शास्त्राची थोडी बाजू पाहू. आवाज एका सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. भिंतीवर आपटला की चेंडूसारखा मागे येतो. दगड, काच, सिमेंट, फरशी, ऑइलपेंट हे सारे पदार्थ कठीण आणि छिद्रे नसलेले. ते आलेला आवाज जवळजवळ सगळाच परत फेकतात. उलट घोंगडी, वाकळ, गवत, कापूस, भुसा यांच्यात बारीक बारीक वाटा असतात. आवाज म्हणजे हवेची हालचाल. ही हालचाल त्या वाटांत शिरते, धाग्याधाग्याशी घासते आणि तिथेच जिरते. म्हणून पहिलीला आपण आवाज फेकणारी भिंत म्हणू आणि दुसरीला आवाज पिणारी भिंत म्हणू.

हे सारे मोजून दाखवण्याचा मान अमेरिकेतल्या वॉलेस सॅबिन नावाच्या एका तरुण प्राध्यापकाचा आहे, आणि गंमत अशी, की त्याची सुरुवात एका चित्रसंग्रहालयात झाली. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालय उघडले. त्यात चित्रकलेवर व्याख्याने देण्यासाठी एक दालन बांधले होते. दालन देखणे, पण व्याख्यान कोणालाच कळेना! बोललेला शब्द साडेपाच सेकंदांपर्यंत हवेत घुमत राही. तेवढ्या वेळात वक्ता पुढची दहा-पंधरा अक्षरे उच्चारून मोकळा होई आणि ती सारी एकमेकांवर चढत. विद्यापीठाने सॅबिनला सांगितले, की काहीतरी करा.

सॅबिनने काय केले? जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकीच्या गाद्या त्याने रात्री उचलून या दालनात आणल्या. मध्यरात्रीनंतर, गाव निजल्यावर, तो एक ऑर्गनची नळी वाजवी आणि ती थांबल्यापासून आवाज विरेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजी. थोड्या गाद्या मांडल्या की घुमणे थोडे कमी होई, आणखी मांडल्या की आणखी कमी होई. सकाळ होण्याच्या आत गाद्या परत जागच्या जागी पोहोचवायच्या! अशा कित्येक रात्री काढल्यावर १८९८ साली त्याला नियम सापडला. खोली जितकी मोठी तितके घुमणे जास्त. खोलीत आवाज पिणारे जिन्नस जितके जास्त तितके घुमणे कमी. मापासाठी त्याने उघडी खिडकी घेतली. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे पूर्ण एक चौरस फूट पिणारी भिंत. शेवटी त्या दालनात जाड लोकरी नमदा लावला, तेव्हा कुठे ते बोलण्याजोगे झाले. आपल्या भाषेत सांगायचे, तर भिंतींना घोंगडी पांघरली तेव्हा काम भागले.

आता आपण आपल्या घराकडे वळू. मराठवाड्याच्याच उत्तर टोकाला अजिंठा आहे आणि अलीकडे वेरूळ. जगात गाजलेली चित्रे तिथे आहेत, हे आपण सारे जाणतो. पण ती कशावर काढली आहेत, हे फारसे कोणी पाहत नाही. ती उघड्या कातळावर काढलेली नाहीत. कारागिरांनी आधी कातळ खडबडीत ठेवला, त्यावर मातीचा गिलावा दिला, त्या मातीत भाताचे तूस, गवत, झाडपाल्याचे धागे कालवले. मग वर चुन्याचा पातळ हात दिला आणि त्यावर रंग भरले. वेरूळच्या गिलाव्याचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पुरातत्त्व खात्यातले एक रसायनतज्ज्ञ आणि तेव्हाच्या औरंगाबादच्या विद्यापीठातले एक वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी त्या मातीत भांगेच्या झाडाचे तंतू ओळखले. त्या तंतूंमुळे गिलाव्याला कीड लागली नाही. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत, आणि तिथल्या चित्रांचे किड्यांनी नुकसान केले आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

अजिंठ्याच्या भिक्षूंनी आवाज पिण्यासाठी हा गिलावा दिला, असे मात्र कोणी समजू नये. तसे म्हणायला आधार नाही. त्यांना रंग धरून ठेवणारा पृष्ठभाग हवा होता. शिवाय कातळात कोरलेल्या लेण्यात घुमणे राहतेच आणि संथ सुरातल्या पठणाला ते शोभतेही. घुमणे सर्वस्वी वाईट नाही, ही गोष्ट इथे लक्षात ठेवावी. लांबवलेल्या सुराला ते साथ करते. भराभर बोललेल्या शब्दाला ते मारते. पण एवढे खरे, की आपल्या मुलखातल्या सर्वांत जुन्या चित्रभिंतीत माती, तूस आणि तंतू होते. चित्र आणि मऊ अस्तर यांची सोयरीक इतकी जुनी आहे.

आपल्याच भागातले औसा तालुक्यातले खरोसा घ्या. तिथल्या लेण्या जांभ्या दगडात आहेत. शेजारी निलंग्याला नीळकंठेश्वराचे मंदिर आहे. दगडी भिंतींवर मूर्तींची दाटी. देवळाचा गाभारा घुमतो, म्हणून तिथे मंत्र म्हणावेत. कथाकीर्तन मात्र आपल्या लोकांनी नेहमी मंडपात, अंगणात, पारावर केले. तिथे बाजू मोकळ्या. सॅबिनच्या भाषेत बोलायचे तर सगळ्या खिडक्या उघड्या! कीर्तनकाराचा शब्द एकदा कानावर पडतो आणि निघून जातो. परत येऊन पुढच्या शब्दाला आडवा जात नाही. कुठे काय म्हणावे, हे आपल्या लोकांना पुस्तकाशिवाय कळले होते.

पुढे बहमनी आणि बरीदशाही काळ आला. शिरूर अनंतपाळहून उदगीरच्या पुढे गेले की बिदर लागते. तिथे महमूद गवानने १४७२ साली बांधलेला मदरसा आहे. त्याच्या भिंतींवर रंगीत, चकचकीत कौलांचे काम होते. आजही त्यातले काही शिल्लक आहे. किल्ल्यात रंगीन महाल आहे. त्यात काळ्या दगडात शिंपले बसवून वेलबुट्टी केली आहे. पाहणाऱ्याचे डोळे निवतात. पण ही सारी आवाज फेकणारी भिंत. अशा दालनातला घुमारा आवरायचा तर गालिचे, सतरंज्या आणि माणसांची दाटी, एवढेच उपाय. विजापूरचा गोल घुमट तर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. महंमद आदिलशहा १६५६ साली वारला. त्याची ही कबर. घुमट आतून सुमारे १२४ फूट रुंद. वरच्या सज्जात कोणी कुजबुजले तर पलीकडच्या टोकाला ऐकू जाते आणि एक टाळी अनेक वेळा परत येते. मुलांना सहलीत मोठी मौज वाटते. पण त्या घुमटाखाली उभे राहून कोणी इतिहास शिकवू म्हणेल, तर शक्य नाही.

त्याच काळी दुसरी एक भिंत होती आणि ती कापडाची होती. मोगल बादशहाचा निम्मा संसार छावणीत चाले. बर्निये हा फ्रेंच प्रवासी १६६४-६५ साली औरंगजेबाबरोबर काश्मीरच्या वाटेवर होता. त्याने बादशाही तंबूंचे वर्णन केले आहे. बाहेरून लाल कापड आणि आतून मच्छलीपट्टणचे छिटाचे अस्तर, त्यावर हाताने रंगवलेली फुले व कुंड्या. बऱ्हाणपूरलाही तंबूच्या अशा कनाती होत. म्हणजे भिंत, चित्र आणि कापड ही तिन्ही एकाच वस्तूत! कापडाची भिंत थोडा आवाज पिते, उरलेला पुष्कळसा बाहेर जाऊ देते. परत फार थोडा येतो. ज्या डेऱ्यात मसलत चालायची, तिथे शब्द स्पष्ट ऐकू येणे गरजेचेच होते.

मराठी वाड्यांत आणखी एक तोडगा निघाला. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. त्याच्या भिंतींवरची चित्रे अजून पाहायला मिळतात. वाड्यातल्या बैठकीची रीत अशी, की चित्र भिंतीवर आणि मऊपणा जमिनीवर. खाली गादी, वर पांढरी चादर, पाठीला लोड-तक्के, डोक्यावर लाकडी तक्तपोशी. भिंतीने डोळ्यांना द्यावे आणि बैठकीने कानाला सांभाळावे, अशी जणू कामाची वाटणीच.

हे झाले राजेरजवाड्यांचे. गरिबाघरी काय होते? तिथे तर दोन्ही कामे एकच भिंत करी. आपले माळवदाचे घर आठवा. दोन-दोन हातांची रुंद दगडमातीची भिंत, आतून माती आणि भुशाचा गिलावा, त्यावर शेणाचे सारवण. वर लाकडी तुळया, सरे, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंतीत देवळ्या आणि कोनाडे. एका कोपऱ्यात धान्याच्या कणग्या, वळणीवर वाकळा. अशा घरात आवाज घुमायला जागाच नसे. सारवलेली माती थोडा पिई, वाकळा आणि कणग्या पुष्कळ पीत आणि कोनाड्यांमुळे उरलेला आवाज विखुरला जाई. याच भिंतीवर नागपंचमीला गेरू-चुन्याचा नाग निघे, पोळ्याला बैलजोडी निघे आणि लग्नघरी मोर नि हत्ती निघत. रंग पातळ, पाण्यातला; त्याने भिंतीची छिद्रे बुजत नसत. ढाळजेत बसून चार म्हातारी माणसे हळू आवाजात बोलत आणि आत चुलीपाशी बसलेल्या आजीला शब्द न् शब्द कळे! भिंतीला कान असतात, ही म्हण उगीच पडलेली नाही.

आता रेडिओची हकीकत सांगितल्याशिवाय या व्याख्यानमालेत तरी गत्यंतर नाही. १९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातले पाच जिल्हे, सुमारे दीडशे गावे. प्रत्येक गावी शेतकऱ्यांचे एक रेडिओ मंडळ. अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर आपसांत चर्चा करीत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी त्याची पाहणी केली आणि अशा मंडळांमुळे गावकऱ्यांच्या माहितीत चांगली भर पडते, असे त्यांना आढळले. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता; तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला. त्यामुळे त्या पहिल्या दीडशे गावांत आपले गाव नव्हते. पण पुढे आपल्याकडेही चावडीवर रेडिओ आला आणि चावडी हीच गावाची ऐकण्याची खोली झाली. एक पेटी, तिच्याभोवती घोंगड्या टाकून बसलेली पन्नास माणसे आणि मातीच्या भिंती. तिथे शेतीच्या बातम्या आणि बाजारभाव लोक ऐकत आणि ऐकलेले त्यांना कळत असे.

रेडिओ ऐकणाऱ्याचीच नव्हे, बोलणाऱ्याची खोलीही जपावी लागते. १९२३ साली लंडनला बीबीसीने सॅव्हॉय हिलला स्टुडिओ केले, तेव्हा भिंतींवर जाड कापडांचे थर सोडले होते. घुमणे गेले, पण इतके गेले, की गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना आपला आवाज मेल्यासारखा वाटू लागला. पुढे ते कापड कमी करावे लागले. म्हणजे अति तेथे माती, हा नियम इथेही लागू आहे. मी आत्ता ज्या खोलीत बसून बोलतो आहे, तिच्या भिंतींना बारीक छिद्रांच्या फळ्या आहेत आणि त्यांच्या मागे मऊ भरण आहे. म्हणून माझा शब्द आपल्यापर्यंत सरळ येतो.

तर मग, श्रोतेहो, आपण पुन्हा मातीच्या भिंतीकडे जावे काय? नाही. तसे म्हणणारा माणूस लातूर जिल्ह्यात तरी नसावा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपण विसरलेलो नाही. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक नुकते निजले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि आसपासची गावे खाली आली. जवळपास दहा हजार माणसे गेली. मी त्या वेळी शाळकरी मुलगा होतो; आमच्या घरची मंडळी अंगणात बसून उजाडण्याची वाट पाहत होती, एवढे स्पष्ट आठवते. त्या माणसांना कोणी मारले? धरणी हलली हे खरे; पण जीव घेतला तो दगडमातीच्या भिंतींनी आणि माळवदाच्या मातीने. दगडांना एकमेकांशी बांधणारे काही नव्हते; भिंती फुटल्या आणि डोक्यावरचा मातीचा थर निजलेल्यांवर आला. जी भिंत थंडावा देई, आजीचे शब्द जपी, तीच थडगे झाली. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी नव्याने वसली आणि साऱ्या भागात सिमेंटचे बांधकाम आले. ते यायलाच हवे होते. ज्या खोलीत मूल सुरक्षित नाही, तिथे त्याला नीट ऐकू येते की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही.

पण सुरक्षित भिंत मिळाल्यावर आपण दुसरी एक गोष्ट घरात आणली आणि ती कोणाच्या ध्यानात आली नाही. भुसा गेला, सारवण गेले, कोनाडे गेले, कणग्या गेल्या. वाकळांची जागा गुळगुळीत खुर्च्यांनी घेतली. राहिला तो कठीण चौकोनी डबा. त्यावर आपण ऑइलपेंटची चित्रे काढली. म्हणजे सिमेंटला उरलीसुरली छिद्रे होती तीही बुजवली. भिंत डोळ्यांशी बोलू लागली आणि त्याच वेळी गुरुजींच्या शब्दाला आडवी आली. मागच्या रांगेतले मूल, ज्याला थोडे कमी ऐकू येते ते मूल, घरी वेगळी बोली बोलणारे तांड्यावरचे मूल, यांचे सर्वांत जास्त नुकसान होते. हुशार मुलगा अर्धा शब्द ऐकून उरलेला ओळखतो. नवा शब्द ओळखणार कसा? तो तर त्याने पूर्वी कधी ऐकलेलाच नसतो.

आता सॅबिनचा हिशेब आपल्या वर्गाला लावून पाहू. गणित सोपे आहे. खोलीचे घनफूट काढावेत, त्याला २० ने भागावे, आणि आलेल्या संख्येला खोलीतल्या एकूण ‘पिण्या’ने भागावे, उत्तर सेकंदांत येते. समजा वर्ग २० फूट लांब, २० फूट रुंद, १० फूट उंच आहे. घनफूट झाले ४०००. वीसने भागता २००. सहाही बाजूंचे क्षेत्रफळ १६०० चौरस फूट. पक्की भिंत शंभरातला तीन भाग आवाज पिते असे धरू. म्हणजे पिणे ४८. खिडक्या बंद, वर्ग रिकामा, तर घुमणे चार सेकंदांच्या वर! तीस मुले बसली आणि मुलामागे ३ चौरस फूट धरले, तर ९० ची भर पडून १३८ होतात. घुमणे दीड सेकंदाजवळ येते. शिकवण्याच्या खोलीत ते सुमारे ०.६ सेकंद असावे, असे जाणकार मानतात. आता भिंतीवर १६० चौरस फूट जाड वाकळ लावली आणि ती शंभरातला साठ भाग पिते असे धरले, तर ९६ ची भर पडते. एकूण २३४, घुमणे एक सेकंदाच्या खाली, पाऊण सेकंदाच्या थोडे वर. हा हिशेब ढोबळ आहे. बारीक, उंच आवाज वाकळ जास्त पिते, भरड आवाज कमी पिते. तरीही फरक केवढा पडतो, तो पाहा.

मग चित्रांचे काय करायचे? ती पुसायची नाहीत. ती कापडावर आणायची. दोन फूट बाय चार फुटांची, दोन इंच जाडीची लाकडी चौकट करावी. मागे गोणपाट ताणावे. आत जुन्या वाकळीच्या घड्या किंवा पिंजलेला जुना कापूस भरावा. वरून जुन्या धोतराचे किंवा सुती लुगड्याचे कापड ताणून शिवावे. त्या कापडावर मुलांनी चित्र काढावे. पण रंग पातळ, पाण्यात कालवलेला हवा. गेरू, नीळ, पातळ शाई चालेल. ऑइलपेंट लावला की कापडाची छिद्रे बुजली आणि सगळी मेहनत वाया गेली. अशा वीस चौकटी म्हणजे आपले १६० चौरस फूट. सुतार गावातला, शिवण मुलांच्या आयांची, चित्रे मुलांची. बाहेरून आणायचे ते खिळे आणि तार.

लावताना चार गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, चौकट भिंतीला चिकटवू नये, मागे दोन इंच पोकळी ठेवावी. तीच वाकळ मग जास्त आवाज पिते. दुसरी, आधी मागची भिंत घ्यावी, मग बाजूच्या. गुरुजींच्या पाठीमागची भिंत कठीणच राहू द्यावी, ती त्यांचा आवाज पुढे ढकलते. तिसरी, आपला भाग भूकंपाचा आहे; चौकटी हलक्या असाव्यात, वरून आणि खालून तारेने पक्क्या बांधाव्यात, मुलांच्या डोक्यावर टांगू नयेत. चौथी, कापूस पेट घेतो. विजेचे बटण, वायर, समई यांच्यापासून त्या दूर ठेवाव्यात. वाकळेला आपण उन्हाळ्यात ऊन दाखवतो, तसे या चौकटींनाही वर्षातून एकदा दाखवावे, म्हणजे उंदीर, कसर यांचा त्रास होणार नाही. आणि एक गैरसमज नको. बाहेरच्या रस्त्याचा गोंगाट याने थांबत नाही. खोलीतला घुमारा तेवढा कमी होतो.

चित्रे कशाची काढावीत, हे मी इतिहासाचा माणूस म्हणून सुचवतो. एका चौकटीवर खरोशाचे लेणे असावे, एकीवर नीळकंठेश्वराचे मंदिर, एकीवर वेळ अमावास्येचे शेतातले जेवण, एकीवर चावडीतला रेडिओ. आणि एकीवर पडलेले माळवद असावे. मुलांना कळू द्या, की आपण जुनी भिंत का सोडली आणि तिच्यातले काय सोबत घेतले.

त्या शाळेतल्या गुरुजींना मी हे सारे सांगितले. त्यांनी आधी नुसत्या वाकळाच मागवल्या, प्रत्येक घरातून एक. दोऱ्या बांधून मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर सोडल्या. रंगीबेरंगी ठिगळांच्या त्या वाकळा हेच एक मोठे चित्र झाले. गुरुजींनी टाळी वाजवली. ती वाजली आणि संपली. मग त्यांनी त्या मुलीला पुन्हा शेवटच्या रांगेत बसवले आणि पाठ फिरवून एक उतारा वाचला. ती उठली आणि तिने उतारा आपल्या शब्दांत सांगितला. मधला एक शब्द तिला नवा होता; त्याचा अर्थ तिने विचारला. मला वाटते, यात सारे आले. शब्द स्पष्ट ऐकू आला, म्हणून तर तो नवा आहे हे तिला कळले.

शिक्षकमंडळींना माझी एवढीच विनंती आहे. उद्या सकाळी मुले येण्याआधी आपल्या वर्गाच्या मध्यभागी उभे राहा. दारे-खिडक्या लावून घ्या आणि एक टाळी वाजवा. ती लगेच संपली तर आपली भिंत ऐकते आहे. ती रेंगाळत राहिली, तर गावातल्या एखाद्या मावशीकडे जुनी वाकळ मागा. मावशी नाही म्हणणार नाहीत.